सीरमच्या ग्लायकन प्रोफाइलमधून सायलिक आम्ल गायब होतंय? तपासणी कुठून सुरू करायची

ग्लायकन म्हणजे प्रथिनांवर जोडलेल्या शर्करांच्या साखळ्या, आणि सायलिक आम्ल ही त्यांच्या टोकाला बसणारी, भार असलेली शर्करा. प्रोफाइलच्या ग्राफमधलं एकेक शिखर म्हणजे एकेक साखळी. आधी लक्षणं. तुमच्यासमोरचा ग्राफ खालच्यापैकी कोणत्या तऱ्हेचा आहे, ते नीट पाहून घ्या.

पहिली तऱ्हा: उशिरा येणारी शिखरं, म्हणजे दोन-तीन सायलिक आम्लं असलेल्या शर्करांची, बुटकी झाली आहेत आणि त्याच वेळी सुरुवातीची, सायलिक आम्ल नसलेली शिखरं फुगली आहेत.

दुसरी: उशिराची शिखरं गेली आहेत, पण सुरुवातीची होती तेवढीच आहेत. वाढलेली नाहीत.

तिसरी: सगळाच ग्राफ बसला आहे. कधीकधी अगदी सुरुवातीला एक अवाढव्य शिखर आणि पुढे सपाट रेघ.

चौथी: शिखरं देखणी आहेत, पण मास स्पेक्ट्रममधले आकडे त्या प्राण्याशी जुळत नाहीत, किंवा सायलिडेज (सायलिक आम्ल तोडणारं एन्झाइम) घालूनही शिखरं जागची हलत नाहीत.

मी गाय, शेळी, मेंढी, घोडा आणि उंदीर यांच्या सीरमवर हे काम करते आणि हीच अडचण पुन्हा पुन्हा सोडवत आले आहे. चारही तऱ्हांना लोक ‘सायलिक आम्ल येत नाही’ असं एकच नाव देतात आणि मग एकच औषध करतात: नवीन एन्झाइम मागवतात. एन्झाइम महाग असतं आणि दोष बहुधा तिथे नसतो. पहिल्या तऱ्हेत सायलिक आम्ल तुटून पडलेलं असतं, दुसरीत ती शर्कराच वाटेत कुठेतरी राहिलेली असते. तुटलं असेल तर उरलेला सांगाडा सुरुवातीच्या शिखरांत दिसलाच पाहिजे, कारण सायलिक आम्ल गळलं म्हणून बाकीची साखळी हवेत विरत नाही. हा हिशेब आधी मांडा. सगळ्या शिखरांच्या क्षेत्रफळाची बेरीज करा आणि मागच्या चांगल्या रनशी ताडून बघा. बेरीज तीच असेल तर आम्ल आणि उष्णता यांचा संशय धरा. बेरीज घटली असेल तर सफाईचा किंवा लेबलचा.

इथे गृहीत धरलेली पद्धत नेहमीची आहे: पाच-दहा मायक्रोलिटर सीरम, एसडीएस हे डिटर्जंट घालून प्रथिनं उलगडायची, पीएनजीएज एफ या एन्झाइमने प्रथिनाच्या नायट्रोजनशी जोडलेल्या शर्करा सोडवायच्या, टू-एबी हे चमकणारं लेबल लावायचं, जास्तीचं लेबल धुऊन काढायचं आणि अमाइड कॉलमवर हिलिक (पाणीप्रिय रेणू धरून ठेवणाऱ्या) पद्धतीने वेगळं करून ३३० नॅनोमीटरला उत्तेजित करून ४२० ला वाचायचं.

काहीही विकत न घेता करायच्या गोष्टी

सगळ्यात आधी व्हायल, म्हणजे यंत्रात ठेवायची नमुन्याची छोटी बाटली, बघा. इंजेक्ट केलेल्या नमुन्यात अॅसिटोनायट्राइल किती होतं? हिलिकमध्ये पाणी हा जोरदार विद्रावक आहे. नमुना सत्तर-ऐंशी टक्के अॅसिटोनायट्राइलमध्ये नसेल तर शर्करा कॉलमला चिकटण्याऐवजी पाण्याबरोबर सरळ बाहेर वाहून जातात, किंवा शिखरं पसरट होऊन एकमेकांत मिसळतात. मोठ्या, सायलिक आम्ल असलेल्या शर्करांची अडचण उलटी: अॅसिटोनायट्राइल फार झालं तर त्या नीट विरघळतच नाहीत, व्हायलच्या काचेला बसून राहतात. म्हणून लेबल केलेला माल आधी थोड्या पाण्यात पूर्ण विरघळवा, मग अॅसिटोनायट्राइल घाला, हलवा आणि लगेच चालवा.

मग बफर. ५० मिलिमोलर अमोनियम फॉर्मेट, पीएच ४.४. बाटलीवर तारीख आहे का? इथे एक फसगत नेहमी होते. आपण रोज मोजपट्टी म्हणून डेक्स्ट्रनची शिडी चालवतो, ती सुंदर येते, आणि आपण म्हणतो कॉलम ठणठणीत आहे. पण ती शिडी नुसत्या ग्लुकोजच्या साखळ्यांची, तिच्यावर भार नाही. बफर जुना झाला, पातळ झाला, पीएच घसरला, तरी शिडीला फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो भार असलेल्या शर्करांना. त्यांची शिखरं पसरतात, शेपूट धरतात, जागा सोडतात. म्हणजे शिडी बरोबर आली एवढ्यावरून सायलिक आम्लाबद्दल काहीच कळत नाही. बफर ताजा करा. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि दुसऱ्या तऱ्हेतल्या कितीतरी तक्रारी माझ्याकडे इथेच मिटल्या आहेत.

तिसरी फुकटची गोष्ट म्हणजे सीरमच्या मूळ नळीकडे डोळ्यांनी बघणं. लालसर आहे? तांबड्या पेशी फुटल्या आहेत. गढूळ आहे, वास येतोय? मग जिवाणू वाढलेत, आणि कित्येक जिवाणू स्वतःचं सायलिडेज बाळगून असतात. गोठ्यात रक्त काढून ते दुपारभर गाडीत राहिलं असेल, तर सायलिक आम्ल प्रयोगशाळेच्या दारात येण्याआधीच गेलेलं असू शकतं. रक्त कोणी काढलं, किती वाजता, बर्फ होता का, हे विचारा. असा नमुना तुम्ही कितीही काळजीने हाताळलात तरी दुरुस्त होत नाही, नवीन घ्यावा लागतो. लोकांना हे ऐकायला आवडत नाही, पण यावर दुसरा उपाय नाही.

तिसऱ्या तऱ्हेतलं ते अवाढव्य पहिलं शिखर पुष्कळदा रक्तातलं मोकळं ग्लुकोज असतं. टू-एबी कोणत्याही क्षपणक्षम, म्हणजे मोकळं टोक असलेल्या, शर्करेला लागतं, त्याला प्रथिनावरची आणि रक्तातली असा भेद कळत नाही. सीरममधलं ग्लुकोज आधी धुऊन काढलं नसेल तर लेबलचा मोठा वाटा तेच खातं. प्रथिनं थंड इथेनॉलने खाली बसवा किंवा फिल्टरवर दोन-तीनदा धुवा. शिखरांची रांग जर समान अंतरावर, एकेका हेक्सोजने वाढत जाणारी दिसली, तर ते टिश्यू पेपर, सेल्युलोजचा फिल्टर किंवा डेक्स्ट्रनचं जेल यांतून आलेलं प्रदूषण असतं. त्याचा प्राण्याशी काही संबंध नसतो.

तीन व्हायलची चाचणी

हे एवढं करून भागलं नाही तर फेट्युइन काढा. गाईच्या गर्भाच्या सीरममधलं हे प्रथिन १९४४ साली पेडरसन यांनी वेगळं केलं. त्यावर नायट्रोजनला जोडलेल्या शर्करांच्या तीन जागा आहेत आणि त्यांवर मुख्यतः तीन शाखांच्या, सायलिक आम्लाने मढलेल्या शर्करा असतात. शाबूत फेट्युइनमधून सायलिक आम्ल नसलेली शर्करा जवळजवळ येतच नाही. म्हणून या कामात त्याच्यासारखा साक्षीदार नाही: सुरुवातीच्या भागात शिखर दिसलं, की सायलिक आम्ल तुमच्या टेबलावर गळलं.

तीन व्हायल एकाच दिवशी, एकाच बफरने चालवा. एकीत पूर्वी लेबल करून उणे वीस अंशांना जपून ठेवलेल्या फेट्युइनच्या शर्करा. दुसरीत आज पहिल्या पायरीपासून केलेलं फेट्युइन. तिसरीत तुमचा नमुना. पहिली बिघडली तर दोष यंत्रात किंवा बफरमध्ये. पहिली चांगली आणि दुसरी बिघडलेली, तर दोष हातात किंवा रसायनात. दोन्ही चांगल्या आणि फक्त तिसरी वाईट, तर मगच सीरमकडे आणि प्राण्याकडे वळा. हा क्रम मोडून कोणी ‘शेळीत सायलिक आम्ल कमी आहे’ असा निष्कर्ष लिहून आणला, की मी आधी व्हायल मागते.

नळीतली उष्णता आणि आम्ल

पहिल्या तऱ्हेचा सगळ्यात नेहमीचा गुन्हेगार. सायलिक आम्लाचा बंध सौम्य आम्लातही गरम केला की तुटतो. आणि आपल्या पद्धतीत आम्ल जागोजागी आहे: पीएनजीएज एफने सुटलेली शर्करा आधी अमाइनच्या रूपात असते, तिचं मोकळ्या टोकात रूपांतर करायला एक टक्का फॉर्मिक आम्ल घालतात; लेबलच्या मिश्रणात तीस टक्के असेटिक आम्ल आणि वर ६५ अंश; काही सफायांमध्ये ट्रायफ्लुओरोअसेटिक आम्ल. एकेक पायरी आटोपशीर केली तर शर्करा टिकते. पण आम्लासकट नमुना व्हॅक्यूम कॉन्सन्ट्रेटरमध्ये गरम करून वाळवला, तर सुकत जाताना आम्ल संपृक्त होत जातं आणि शेवटच्या थेंबात सगळा घात होतो.

एकदा आमच्याकडे शेळ्यांच्या सीरमचे चोवीस नमुने असे गेले. लेबल, एन्झाइम, कॉलम सगळं पालटून झालं. शेवटी कळलं की कॉन्सन्ट्रेटरचा हीटर आदल्या गटाने चालू ठेवला होता आणि आकडा कोणी वाचला नव्हता. तेव्हापासून आमच्या यंत्रावर एक चिठ्ठी चिकटवलेली आहे: हीटर बंद. फॉर्मिक आम्लाची पायरी खोलीच्या तापमानालाच ठेवा, चाळीस-पन्नास मिनिटं पुरतात, आणि लगेच पुढे जा. वाळवायचं तर थंड, आणि रात्रभर आम्लात सोडून घरी जायचं नाही. लेबलचे दोन-तीन तास झाले की नळी बाहेर काढा. ‘थोडं जास्त ठेवलं तर जास्त लेबल लागेल’ हा हिशेब इथे तोट्याचा आहे.

सफाई

दुसऱ्या तऱ्हेत बफर निर्दोष ठरला तर सफाईचं कार्ट्रिज बघा. ग्रॅफाइटयुक्त कार्बन वापरत असाल तर मी पैजेने सांगेन की बाहेर काढायच्या द्रावणात चूक आहे. पंचवीस टक्के अॅसिटोनायट्राइल आणि पाणी एवढ्यावर भार नसलेल्या शर्करा सुटून येतात, पण सायलिक आम्लवाल्या कार्बनला धरून बसतात. त्यांना सोडवायला द्रावणात अत्यल्प, ०.०५ ते ०.१ टक्का ट्रायफ्लुओरोअसेटिक आम्ल लागतं. ते न घातलेला ग्राफ इतका व्यवस्थित दिसतो की शंका येत नाही. घातलंत तर वरचा इशारा लक्षात ठेवा: तो अंश जमा झाला की ताबडतोब गोठवून वाळवा.

हिलिक कार्ट्रिजमध्ये भानगड उलट दिशेची. नमुना पुरेशा अॅसिटोनायट्राइलमध्ये चढवला नाही तर शर्करा धुण्यातच निघून जातात. एकदा तरी धुण्याचं पाणी फेकू नका, वाळवून तेही कॉलमवर चालवा. हरवलेली शर्करा तिथे सापडली की वाद मिटतो.

लेबल आणि एन्झाइम

लेबलबद्दल थोडक्यात. मिश्रणात पाणी शिरलं की अभिक्रिया मंदावते. डायमिथाइल सल्फॉक्साइड हवेतली ओल ओढून घेतं, आणि पावसाळ्यातल्या पुण्या-मुंबईच्या हवेत उघडी राहिलेली बाटली आठवड्याभरात बाद समजावी. थंडीत ती साडेअठरा अंशांखाली गोठते. मग लोक वरचा पातळ भाग ओढून घेतात आणि प्रमाण चुकतं. आख्खी वितळू द्या, हलवा, मग घ्या. मिश्रण दर वेळी ताजं करा. सोडियम सायनोबोरोहायड्राइड जुनं झालं की सगळाच ग्राफ खाली बसतो, नुसतं सायलिक आम्ल जात नाही.

एन्झाइमचंही तसंच. पीएनजीएज एफ काम करत नसेल तर भार असलेली-नसलेली सगळीच शिखरं घटतात. त्यामुळे फक्त उशिराची शिखरं गेली असतील तर एन्झाइमवर आळ घेण्यात अर्थ नाही. तिसरी तऱ्हा असेल तर मात्र बघा: एसडीएस घातल्यावर त्याला आवर घालणारं नॉनिडेटसारखं भार नसलेलं डिटर्जंट घातलंत का? नाही घातलं तर एसडीएस एन्झाइमलाच उलगडून टाकतं. खात्री करायला जेल पुरतं. एन्झाइम दिलेलं आणि न दिलेलं फेट्युइन शेजारी शेजारी चालवा. शर्करा निघाल्या असतील तर पट्टी ठळकपणे खाली सरकते. अर्धवट निघाल्या असतील तर अधल्यामधल्या पट्ट्या दिसतात. आणि सीरममध्ये निम्म्याच्या आसपास प्रथिन अल्ब्युमिन असतं, ज्यावर या शर्करा नसतातच. म्हणून ‘एवढं प्रथिन घेतलं तरी सिग्नल कमी का’ याचं उत्तर कधीकधी इतकं साधं असतं.

मास स्पेक्ट्रममधले चकवे

चौथी तऱ्हा मला सगळ्यात जास्त आवडते आणि तिथेच लोक सगळ्यात आत्मविश्वासाने चुकतात, म्हणून इथे थोडी थांबते.

मॅल्डीवर, म्हणजे लेझरने आयन करणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरवर, काहीही संरक्षण न देता, धन आयनांत पाहिलंत तर सायलिक आम्ल यंत्रातच गळतं. तीन शाखांच्या पूर्ण शर्करेचं वस्तुमान २८७९.०१, त्याखाली प्रत्येकी २९१.१ ने उतरत जाणारी माळ दिसली तर ती रक्तात असेलच असं नाही, लेझरने केलेलीही असू शकते. फ्लुओरेसन्सच्या ग्राफमध्ये ती माळ नसेल तर निर्णय लागला. परमेथिलेशन (मिथाइल गटांनी झाकणं) किंवा सायलिक आम्लाचं एस्टर करून मग मोजा. इथिल एस्टरच्या पद्धतीत दोन-सहा जोडणीवर (सायलिक आम्ल शेजारच्या शर्करेच्या सहाव्या जागी) एस्टर होतं आणि दोन-तीन जोडणीचं लॅक्टोन, त्यामुळे जोडणीही कळते.

आता प्राण्यांचा खास प्रश्न. माणसात सायलिक आम्ल मुख्यतः एकाच प्रकारचं, एन-अॅसिटिल. आम्ही बोलताना नुसतं ‘एसी’ म्हणतो. गाय, मेंढी, डुक्कर, घोडा यांच्यात त्याच्या जोडीला एन-ग्लायकोलिल, म्हणजे ‘जीसी’ असतं. माणसाचं सीएमएएच हे जनुक निकामी झाल्यामुळे आपण ते बनवू शकत नाही. कोंबडीतही ते नसतं. प्रयोगशाळेतल्या छोट्या उंदराच्या (माउस) सीरममध्ये मुख्यतः जीसी, तर मोठ्या उंदराच्या (रॅट) सीरममध्ये मुख्यतः एसी. म्हणून माणसासाठी बनवलेली शर्करांची यादी गाईच्या सीरमला लावली की निम्मी शिखरं ‘अनोळखी’ ठरतात आणि कोणीतरी म्हणतं सायलिक आम्लच नाही.

एसी आणि जीसी यांत फरक एका ऑक्सिजनचा, १५.९९५. आणि सोडियमच्या जागी पोटॅशियम चिकटलं तर वाढणारं वस्तुमान १५.९७४. साध्या यंत्रावर दोन हजारांच्या वर हे दोन आकडे एकमेकांवर बसतात. नमुन्यातले क्षार नीट काढले नसतील तर एसीचं पोटॅशियमवालं शिखर जीसी म्हणून नोंदलं जातं. कोंबडीच्या सीरममध्ये जीसी सापडलं की मी आधी क्षार तपासते.

याहून वाईट चकवा असा: एक हेक्सोज आणि एक एसी मिळून ४५३.१४८. एक फ्युकोज आणि एक जीसी मिळूनही ४५३.१४८. हे जवळजवळ सारखं नाही, तंतोतंत सारखं आहे. अणूंची संख्याच एक. कितीही महागडं यंत्र नुसत्या वस्तुमानावरून हे दोन वेगळे करू शकत नाही. आणि गाय-डुकरांत शाखेच्या टोकाला जादा गॅलॅक्टोज चढवायची सोय आहे, म्हणजे ‘एक हेक्सोज जास्त’ ही शक्यता खरोखरची आहे, कागदावरची नाही. संगणकाने सुचवलेलं पहिलं नाव उचलू नका. शर्करा फोडून बघा: २९२.१० आणि २७४.०९ हे तुकडे एसीचे, ३०८.१० आणि २९०.०९ जीसीचे. यंत्राची वेळ मिळत नसेल तर सायलिक आम्ल सौम्य आम्लाने मुद्दाम सोडवा, डीएमबी हे लेबल लावा आणि साध्या एचपीएलसीवर मोजा. एसी आणि जीसी स्वच्छ वेगळे येतात.

घोड्याचं काम करणाऱ्यांना आणखी एक. परळच्या हाफकिन संस्थेपासून सर्पदंशावरच्या प्रतिविषासाठी घोड्याचं सीरम आपल्याकडे वर्षानुवर्षं हाताळलं जातंय, त्यामुळे हा नमुना महाराष्ट्रात हमखास येतो. घोड्याच्या सायलिक आम्लावर चौथ्या जागी असेटिल गट असतो, आणि तो असला की नेहमीची सायलिडेज एन्झाइमं त्याला तोडत नाहीत. शिखर हललं नाही म्हणून ‘सायलिक आम्ल नाही’ असं लिहू नका. नमुन्याचा एक भाग सौम्य अल्कलीने असेटिलमुक्त करा आणि पुन्हा सायलिडेज द्या. उलट बाजूने, हे असेटिल गट तुम्हाला मोजायचेच असतील तर ८.६ पीएचला रात्रभर ठेवलेलं पीएनजीएज एफ त्यांतले काही आधीच उडवून देतं, ७.५ वर काम करा. घोड्याचं सीरम टोचलेल्या रुग्णांच्या रक्तात हंगानुत्झिउ यांना १९२४ मध्ये आणि डाइखर यांना १९२६ मध्ये ज्या प्रतिपिंडांच्या खुणा दिसल्या, त्यांचं लक्ष्य जीसी असल्याचं पुढे कळलं. टोकाची एक शर्करा चुकीची नोंदवण्याचा परिणाम कुठवर जातो, याची मला यामुळे आठवण राहते.

कुठे थांबायचं

जपून ठेवलेल्या फेट्युइनची व्हायल ताज्या बफरवर आणि दुसऱ्या कॉलमवरही बिघडली, किंवा दाब वरखाली होतोय, तर पंप आणि डिटेक्टर स्वतः उघडू नका. सर्व्हिस इंजिनिअरला बोलवा. मास स्पेक्ट्रोमीटरचं झाकण तर कधीच नाही, आत हजारो व्होल्ट असतात.

सायनोबोरोहायड्राइडला आम्ल लागलं की हायड्रोजन सायनाइड सुटतो. फ्यूम हूड चालत नसेल तर लेबलिंग त्या दिवशी होणार नाही, एवढंच. उरलेलं मिश्रण सिंकमध्ये ओतू नका, संस्थेच्या घातक कचऱ्याच्या व्यवस्थेकडे द्या.

गाई-शेळ्यांच्या रक्तातून ब्रुसेला माणसाला लागतो. कळपात गर्भपात झाले असतील, जनावर आजारी असेल, तर नमुना उघडण्याआधी पशुवैद्यकाशी बोला आणि जैवसुरक्षा कॅबिनेट असलेल्या ठिकाणीच तो हाताळू द्या.

जोडणी नेमकी कोणती, जादा हेक्सोज कुठल्या शाखेवर, असेटिल चौथ्या जागी की नवव्या, हे पक्कं सांगायचं असेल तर त्यासाठी एकामागून एक एन्झाइमं, आयन ट्रॅपमधलं विखंडन किंवा एनएमआर लागतं. तो नमुना ग्लायकन विश्लेषण करणाऱ्या केंद्राकडे पाठवा. पाठवताना तीनही व्हायलचे ग्राफ, रक्त काढल्याची वेळ आणि नमुना कितीदा गोठवून वितळवला, हे सोबत लिहून द्या. तिथल्या माणसाचा पहिला प्रश्न तोच असेल.